बॅग ठेवायला जागा: साताऱ्यातल्या एका छोट्या व्यवसायाचं प्रकरण

हे प्रकरण साताऱ्यातल्या एका कुटुंबाचं आहे. गावात उतरणाऱ्या पाहुण्यांना बॅग ठेवायला, अंघोळीला आणि कपडे बदलायला त्यांनी घरातल्या दोन खोल्या दिल्या आणि त्याचाच व्यवसाय केला. ओळख पटू नये म्हणून नावं, नेमकी जागा आणि घरातले काही तपशील गाळले आहेत. ज्यांनी व्यवसाय उभा केला त्यांना इथे काकू म्हटलंय. येणारे-जाणारेही त्यांना तीच हाक मारतात. कर्जाच्या कागदपत्रांच्या निमित्ताने माझं या घरी जाणं-येणं सुरू झालं. पाहुण्यांसाठी काहीतरी करायचं म्हटलं की लोक हॉटेल, गाडी नाहीतर गाइड एवढाच विचार करतात. त्याच्या मधल्या फटीत केवढं काम पडलंय, हे मला इथे बघायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

बहुतेक पर्यटकांसाठी सातारा हे मुक्कामाचं नाही, उतरायचं गाव आहे. कास पठार इथून सुमारे 25 किलोमीटर, सज्जनगड त्याहून जवळ, दुसऱ्या अंगाला ठोसेघरचा धबधबा आणि कासच्या पुढे बामणोली. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात कास होतं. तेव्हापासून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं ही रानफुलं बघायला पुण्या-मुंबईहून लोंढा येतो. स्वतःची गाडी असलेला माणूस शहरात न थांबता सरळ यवतेश्वरचा घाट चढतो. बाकीचे एसटीने येतात, किंवा मुंबईहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या खासगी बसमधून पहाटे हायवेला बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरतात. रेल्वेने यावं तर माहुलीचं स्टेशन गावाबाहेर.

काकूंचं घर स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जुनं, दुमजली, रस्त्याला लागून ओटा. खालच्या दोन खोल्यांत बरीच वर्षं टायपिंगचा क्लास होता, तो बंद पडला आणि भाडं थांबलं. यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, सून शिकवण्या घेणारी. घर ओढगस्तीचं नव्हतं, पण महिन्याच्या शेवटी हात आखडता घ्यावा लागे. त्या दोन खोल्यांचं काय करायचं, हा प्रश्न 2024 च्या उन्हाळ्यात घरात रोज निघू लागला.

अडचण

पहाटे साडेपाचला साताऱ्यात उतरलेल्या चार मुलींचं उदाहरण घ्या. रात्रभराचा प्रवास झालाय, प्रत्येकीच्या पाठीवर सॅक आहे, पठारावर जायची वेळ नऊची. तोंड धुवायचं आहे, कपडे बदलायचे आहेत, सॅक कुठेतरी टाकून हलकं होऊन जायचं आहे. संध्याकाळी त्याच मुली भिजून, गुडघ्यापर्यंत लाल चिखल घेऊन परत येतात आणि पुण्याची गाडी पकडायच्या आधी त्यांना फक्त कोरडं व्हायचं असतं. लॉजवर गेलं तर अख्ख्या दिवसाचं भाडं. चहाच्या टपरीवर बॅग ठेवली तर ती सांभाळायची जबाबदारी कुणाचीच नाही. दहा रुपयांच्या स्वच्छतागृहात साडी किंवा ड्रेस बदलायला धड खुंटीही नसते.

काकूंच्या ओट्यावर अशा मुली बसायच्या. ‘काकू, जरा बाथरूम वापरू का?’ असं विचारायच्या आणि काकू त्यांना आत घ्यायच्या. कुणी दोन तास बॅग ठेवून जायचं. हे सगळं फुकट आणि मायेपोटी चाललं होतं. गरज किती खरी आहे याचा याहून चांगला पुरावा कुठल्याही सर्वेक्षणातून मिळाला नसता. तरी घरात कुणालाच हा धंदा वाटत नव्हता, कारण जे काम आपण माणुसकी म्हणून करतो त्याचे पैसे घ्यायचे कसे, हा संकोच होता.

काय काय सुचलं

मुलाचं पहिलं मत गाडी घ्यायची असं होतं. जुनी सात सीटर घेऊन कास-ठोसेघर फेऱ्या मारायच्या. हप्ता मांडून पाहिला तेव्हा दिसलं की शनिवार-रविवार गाडी धावेल आणि बाकी पाच दिवस दारात उभी राहील. शिवाय त्या रस्त्यावर आधीच गाड्या भरपूर आहेत.

सुनेने वरच्या मजल्यावर होमस्टे सुचवला. पर्यटन विभागाचं महिला उद्योजकांसाठीचं ‘आई’ धोरण 2023 मध्ये आलं आहे, त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळू शकतो, हे तिने शोधून काढलं होतं. विचार चुकीचा नव्हता. पण परक्या माणसांनी रात्री घरात राहणं काकूंच्या यजमानांना पटेना. त्यांच्या प्रकृतीमुळे घरात रात्रीची शांतता लागायची. तो विषय तिथेच थांबला आणि ते बरोबरच झालं. घरातल्या एका माणसाची झोप मोडून चालणारा धंदा फार दिवस चालत नाही.

झुणका-भाकरीची गाडी, कंदी पेढ्यांची एजन्सी, फुलांची माहिती देणारा गाइड हेही बोलून झालं. गाइडचं काम मात्र काकूंनीच एका वाक्यात नाकारलं. पठाराची देखभाल वन विभागाच्या सोबतीने कास, एकीव, आटाळी, कासाणी या आसपासच्या गावांची समिती करते आणि तिथली पोरं माहिती सांगायचं काम करतात. ‘त्यांच्या ताटातलं आपण का घ्यायचं? आपल्या दारात जे येतंय ते बघू,’ असं त्या म्हणाल्या.

राहिलं तेच, जे आधीपासून फुकट चाललं होतं: सामान ठेवणं, अंघोळ, कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह. रात्रीचा मुक्काम नाही. पहाटे पाचला दार उघडायचं, रात्री नऊला बंद.

कागद आणि पैसा

या टप्प्यावर बहुतेक घरं घाई करतात, म्हणून इथे जरा थांबते. घराचा उतारा काढला तर त्यावर काकूंचे यजमान आणि त्यांचे धाकटे भाऊ अशी दोघांची नावं. भाऊजी पुण्यात. ते कधी हरकत घेणार नाहीत असं सगळे म्हणत होते. तरीही काकूंनी त्यांना बोलावून घेतलं, जेवायला वाढलं आणि स्टॅम्प पेपरवर तीन वर्षांची संमती लिहून घेतली. ‘वहिनी, माझ्याकडून कागद कशाला?’ असं भाऊजी म्हणाले. काकूंचं उत्तर होतं, ‘तुमच्याकडून नाही हो, बँकेसाठी.’ दोन्ही खरं होतं. बँकेनेही तो कागद मागितलाच.

खालच्या खोल्यांसाठी महावितरणकडून व्यावसायिक दराचं वेगळं कनेक्शन घेतलं. वापर बदलला की नगरपालिकेची घरपट्टीही बदलते, हे खर्चात आधीच धरलं. शॉप ॲक्टच्या 2017 च्या कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागेला नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना दिली की झालं. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट झाली. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असल्याने जीएसटीचा प्रश्न आला नाही.

खर्च दोन लाखांच्या आत बसवला. काही पैसे घरचे, बाकी छोट्या व्यवसायांना कर्ज देणाऱ्या मुद्रा योजनेतून. मुद्रामध्ये 50 हजारांपर्यंत ‘शिशु’ आणि त्यापुढे 5 लाखांपर्यंत ‘किशोर’ गट. यांचं प्रकरण किशोरमध्ये गेलं. पैशांचा मोठा वाटा गेला तो फरशी, मोरी, पाण्याची टाकी आणि लोखंडी मांडणीवर. गरम पाण्यासाठी गॅस गिझर स्वस्त पडत होता, पण बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं दगावतात. सौर हीटरचा पावसाळ्यात उपयोग नाही, आणि गर्दी तर पावसाळ्यातच. शेवटी विजेचा साठवणीचा गिझर बसवला आणि नियम केला: माणशी एक बादली गरम पाणी.

सुरुवात

ऑगस्टच्या शेवटी दार उघडलं. पहिल्याच रविवारी मोरी तुंबली. पठारावरून आलेल्या बुटांचा, पँटच्या घोट्यांचा लाल चिखल न्हाणीघरात धुतला जात होता आणि तो गाळ पाइपच्या वळणावर बसला. संध्याकाळी गर्दीच्या वेळी दोन्ही न्हाणीघरांत घोटाभर पाणी. मुलाने तार घालून मोकळं केलं, पण दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून ओट्याच्या कडेला एक नळ काढला, खाली उथळ दगडी डोण आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी. पाटी लावली, ‘आधी पाय आणि बूट इथे धुवा.’ जाळीतला गाळ दर संध्याकाळी घमेल्यात काढायचा. हा नळ म्हणजे या जागेची सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली आणि कुठल्याच आराखड्यात ती नव्हती.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर होता. सामानाला कागदी चिठ्ठ्या दोऱ्याने बांधायचे. भिजलेल्या बॅगेवरची चिठ्ठी लगदा होऊन पडली आणि सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या सॅकपैकी एक चुकीच्या माणसाबरोबर पुण्याला गेली. मोबाइल नंबर वहीत होता म्हणून तासाभरात पत्ता लागला. काकूंनी मुलाला रात्रीच पुण्याला पाठवलं, सॅक बदलून आणली, ज्याची गेली होती त्याच्या राहण्याचा त्या रात्रीचा खर्च दिला. त्या दिवशीचा सगळा गल्ला त्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात जुन्या बाजारातून ॲल्युमिनियमचे नंबर ठोकलेले बिल्ले आणले, एक बॅगेला, एक माणसाला. बिल्ला दाखवल्याशिवाय बॅग नाही, मग माणूस ओळखीचा असला तरी. पैसे, दागिने, लॅपटॉप ठेवून घ्यायचे नाहीत, हे त्याच वेळी ठरलं.

रिक्षावाल्यांचा प्रश्न याहून नाजूक. गिऱ्हाईक आणून दिलं की माणशी कट हवा, असं स्टँडवरच्या काही जणांचं म्हणणं. मुलगा तयार होता. काकूंचं गणित असं: कट द्यायचा तर दर वाढवायचा आणि मग ओझं शेवटी त्या चार मुलींवर. त्यांनी रिक्षावाल्या मामांना सांगितलं, पैसे देणार नाही, पण दिवसातून केव्हाही या, स्वच्छतागृह वापरा, मोबाइल चार्ज करा, चहा घ्या. बारा-बारा तास रिक्षा चालवणाऱ्या माणसाला स्वच्छ संडास ही केवढी गोष्ट आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. महिन्याभरात पहाटे बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरलेल्या बायका-मुलींना मामा आपणहून इथे आणून सोडू लागले.

दसऱ्यानंतर

त्या वर्षी दसरा 12 ऑक्टोबरला होता. फुलं संपली, गर्दी ओसरली. जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली होती, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत थोडी माणसं आली. तरी आठवड्याचे मधले दिवस कोरडे जाऊ लागले. बँकेचा हप्ता मात्र फुलांचा हंगाम बघत नाही.

या प्रकरणातला खरा निर्णय इथे झाला. घरात दोन मतं होती. मुलाचं मत, पुढच्या ऑगस्टपर्यंत बंद ठेवू, वीज-पाणी वाचेल. सुनेचं म्हणणं, बंद दार लोक विसरतात. वाद चालला असताना काकूंनी वही काढली. त्यात नाव, गाव आणि बॅग किती वाजता ठेवली, किती वाजता नेली, हे सगळं लिहिलेलं. ते चाळताना दिसलं की हंगाम असतानाही मेढा, पाटण, दहिवडी, कोरेगाव अशी गावं मधूनमधून येत होती. कुणी कोर्टाच्या तारखेला आलेलं, कुणी जिल्हा परिषदेत कामाला, कुणी रयतच्या वसतिगृहात मुलाला सोडायला, कुणी सैनिक स्कूलची चौकशी करायला. बाहेरून येणारा पाहुणा म्हणजे पुण्या-मुंबईचाच असं सगळे धरून चालले होते. जावळीतून पहाटेच्या एसटीने आलेली म्हातारीही शहराची पाहुणीच होती, आणि तिलाही तेच हवं होतं: पिशवी ठेवायला जागा आणि जायला संडास.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. तालुक्यातली अख्खी कुटुंबं बस्ता बांधायला साताऱ्याला येतात. सकाळी साड्या, दुपारी भांडी, मग सोनार. गाठोडी घेऊन बाजारपेठेत फिरताना हात भरून येतात. ही माणसं येणार, हे वहीत दिसत नव्हतं, ते काकूंना ठाऊक होतं, कारण स्वतःच्या मुलीच्या बस्त्याच्या वेळी त्या हेच करून दमल्या होत्या.

अडलं ते दरावर. पर्यटक बॅगेला 50 रुपये सहज देत होते. गावाकडून आलेला माणूस तेवढे देणार नाही. सुनेने स्थानिकांना वेगळा दर सुचवला. मुलाला ते अन्यायाचं वाटलं आणि त्यात तथ्य होतं: एकाच ओट्यावर एकाकडून 20 आणि दुसऱ्याकडून 50 घेतले की भांडण ठरलेलं, आणि आधार कार्डावरचं गाव कोण तपासत बसणार? बराच खल झाल्यावर तोडगा वेळेवर निघाला. चार तासांपर्यंत 20 रुपये, दिवसभराला 50. बस्त्याला आलेली माणसं तीन-चार तासांत मोकळी होतात, कासला गेलेली संध्याकाळीच परततात. दर एकच, पण ज्याच्या त्याच्या कामाला बसणारा. या एका बदलाने पुढचं वर्ष तरलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वच्छतागृहाबाबत काकूंचा हट्ट वेगळा होता. पाटीवर 10 रुपये लिहिले, पण कुणा बाईकडे सुट्टे नसले, किंवा लेकरू घेऊन कुणी आली, तर विचारायचंच नाही. ‘पोरीबाळीला दारातनं परत पाठवायचं न्हाय, बाकी तुमचं काय ते हिशेबात बघा.’ मुलाने हिशेबात बघितलं, तर तूट फार नव्हती.

काय निष्पन्न झालं

लग्नसराईच्या महिन्यांत बॅगांची संख्या हंगामाएवढी कधीच झाली नाही, पण हप्ता, वीज आणि शेजारच्या वस्तीतून सफाईला येणाऱ्या ताईंचा पगार निघू लागला. त्या ताईंना पूर्ण वेळ ठेवलं गेलं, त्यांच्याशिवाय ही जागा आठवडाभरही टिकली नसती. पावसाळ्यातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या वेळी यवतेश्वरच्या रस्त्यावर धावायला बाहेरगावचे हजारो लोक येतात. 2025 मध्ये धावून आलेल्यांची अंघोळीसाठी एवढी रांग लागली की एका बादलीचा नियम पाळूनही दुपारी टाकी कोरडी पडली. शहराच्या काही भागाला पाणी कासच्याच तलावातून येतं आणि तेही ठरलेल्या वेळेला. त्यानंतर दुसरी टाकी बसवली.

हंगामातली कमाई पहिल्या वर्षीपेक्षा बरी झाली. अर्थात इतकी नाही की मुलाने नोकरी सोडावी. त्या दोन खोल्यांना टायपिंग क्लासच्या भाड्यातून जेवढं मिळायचं त्यापेक्षा नक्की जास्त मिळतं, पण त्यात काकूंची पहाट धरलेली नाही. पाचला उठून दार उघडण्याची किंमत लावली तर फरक बराच कमी होतो. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरून नफा मोजायची सवय आपल्या छोट्या व्यवसायांना लागलेली आहे आणि मला ती मनापासून खटकते. यंदाच्या हिशेबात काकूंचा पगार म्हणून ठराविक रक्कम बाजूला काढायला मी लावली. सुनेने ती ओळ वहीत लाल शाईने लिहिली.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीला वेबसाइट आणि ऑनलाइन बुकिंगवर खर्च झाला. बुकिंग जवळजवळ आलंच नाही, कारण बॅग ठेवायची गरज माणसाला बसमधून उतरल्यावर कळते. गूगल मॅपवर जागा टाकणं फुकट होतं आणि गिऱ्हाईक तिथूनच आलं. ते पैसे पहिल्या दिवसापासून मोठ्या टाकीवर जायला हवे होते.

बिल्ल्यांचं काम दार उघडायच्या आधीच व्हायला हवं होतं. सामान सांभाळणं हाच ज्याचा धंदा, त्याने खुणेवर काटकसर करू नये. सामानाचा विमा अजून घेतलेला नाही. चोरी झाली तर काय, या प्रश्नाला आज फक्त कॅमेरा आणि वही एवढंच उत्तर आहे, ते पुरेसं नाही.

कपडे वाळवायची सोय करता आली असती का, यावर आमचं एकमत नाही. मला वाटतं, पंखा लावलेली दोऱ्यांची खोली केली असती तर भिजून आलेल्यांनी आनंदाने पैसे दिले असते. काकू म्हणतात, ओल्या कपड्यांचा वास सुटला की कोरडी माणसं येणं बंद होतील. पावसाळ्यातलं साताऱ्याचं हवामान बघता त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

वहीतली नोंद पहिल्याच महिन्यात नीट वाचली असती, तर दसऱ्यानंतरची धास्ती टळली असती. कुठल्या गावचा माणूस, किती तासांसाठी, कशासाठी: हे तीन रकाने बघायला संध्याकाळची दहा मिनिटं पुरतात.

सध्या

भाऊजींनी दिलेली संमती 2027 मध्ये संपते. मधल्या काळात त्या रस्त्यावर जागांचे भाव वाढले आहेत आणि जुनं घर पाडून इमारत बांधायचा प्रस्ताव एका बिल्डरकडून आला आहे. भाऊजींचा कल त्याकडे आहे. काकूंची अट एकच आहे की नव्या इमारतीत रस्त्यालगत तळमजल्यावर दोन गाळे मिळावेत, आणि बांधकामाच्या काळात जवळपास भाड्याने जागा बघून द्यावी. पहिली बैठक झाली, त्यात पाण्याच्या जोडणीवरच गाडी अडली, कारण दुकानाच्या गाळ्यात दोन न्हाणीघरं बसवायला बिल्डर तयार नाही. दुसरी बैठक दिवाळीनंतर ठरली आहे. तोवर सून राधिका रोडच्या बाजूला भाड्याच्या जागा बघते आहे, आणि प्रत्येक ठिकाणी मोरीचा उतार कुठल्या बाजूला आहे हे आधी विचारते.